'एस रेग्नेट' : कर्ता नसलेल्या वाक्याचा नैतिक प्रश्न

१

परकी भाषा शिकविणाऱ्या प्राथमिक पुस्तकांत हवामानाचा पाठ हटकून असतो. नाव, गाव, कुटुंब आणि घड्याळ हे पाठ संपले की शिक्षक खिडकीकडे बोट दाखवितात आणि 'वी इस्ट डास वेट्टर?', म्हणजे 'हवा कशी आहे?', असे विचारतात. वयाची चाळिशी ओलांडल्यावर मी जर्मनच्या प्रारंभिक वर्गात जाऊन बसलो, तेव्हा या पाठाकडून माझी फारशी अपेक्षा नव्हती. मराठीचे व्याकरण शिकविण्यात बरीच वर्षे घालविलेल्या माणसाला 'एस रेग्नेट' (पाऊस पडतो आहे), 'एस श्नाइट' (बर्फ पडते आहे), 'एस ब्लिट्स्ट' (वीज चमकते आहे) ही वाक्ये घोकताना अडचण पडू नये. परंतु या वाक्यांच्या आरंभी असलेल्या दोन अक्षरांच्या 'एस'पाशीच मी अडखळलो.

'एस' हे तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी सर्वनाम आहे, मराठीत 'ते'. सर्वनाम म्हटले की ते कोणत्या नामाऐवजी आले आहे हा प्रश्न येतोच. 'एस रेग्नेट' या वाक्यातील 'ते' म्हणजे कोण, असे मी आमच्या शिक्षिकेला विचारले. त्या म्हणाल्या, "कोणी नाही. पण जर्मनमध्ये ती जागा रिकामी ठेवता येत नाही." वर्गाच्या दृष्टीने विषय तेथेच संपला. माझ्या दृष्टीने तो तेथे सुरू झाला, कारण या उत्तराची दोन विधाने दोन वेगळ्या क्षेत्रांतील आहेत. 'कोणी नाही' हे जगाविषयीचे विधान आहे. 'जागा रिकामी ठेवता येत नाही' हे भाषेविषयीचे. जगात जेथे कोणी नाही तेथे भाषा कोणाला तरी बसविते. याच्या उलट, जेथे कोणीतरी निश्चित आहे तेथून भाषा त्याला उठवूही शकते. या दोन्ही क्रियांना नैतिक परिणाम आहेत. ते कोणते, आणि त्यांची पारख कशी करावी, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

प्रथम व्याकरण. जर्मनच्या साध्या विधानवाक्यात रूप चालणारे क्रियापद दुसऱ्या स्थानी येते. पहिले स्थान कर्त्याने, कालवाचकाने किंवा अन्य पदाने भरावे लागते. पहिल्या स्थानी 'हॉयटं' (आज) आणले, तर 'हॉयटं रेग्नेट एस' असे वाक्य होते. 'एस' क्रियापदाच्या मागे जातो, पण नाहीसा होत नाही. आता दुसरे वाक्य पाहू : 'एस कोम्ट आइन गेविट्टर' (वादळी पाऊस येतो आहे). येथे खरा कर्ता 'गेविट्टर' आहे आणि 'एस' केवळ पहिली जागा भरण्यासाठी आला आहे. 'आज' आरंभी आणताच तो गळतो : 'हॉयटं कोम्ट आइन गेविट्टर'. तात्पर्य, 'एस' एकच दिसला तरी त्याच्या जाती वेगळ्या आहेत. एक 'एस' वाक्याची मांडणी बदलली तरी टिकतो. दुसरा केवळ पाहुणा असतो. नवशिक्यासाठी हा स्थानबदल एक कवायत आहे. पुढील विवेचनात तीच आपली कसोटी ठरणार आहे.

सर्वच भाषा हे करीत नाहीत. लॅटिनमधील 'प्लुइट' आणि इटालियनमधील 'पिओवे' ही एकेका क्रियापदाची पूर्ण वाक्ये आहेत. प्राचीन ग्रीकमध्ये असे एकाकी क्रियापद चाले, आणि त्याच क्रियापदाला 'झ्यूस' हा कर्ताही जोडला जाई. संस्कृतात 'देवो वर्षति' असे म्हणण्याचा प्रघात होता. मराठी बहुधा घटनेचेच नाम करून त्याला कर्तेपद देते : पाऊस पडतो, वारा सुटतो, धुके पडते. परंतु मराठीजवळही कर्ता न सांगणारी क्रियापदे आहेत : उजाडले, सांजावले, गडगडते, उकडते. त्यांना आपले व्याकरणकार भावकर्तृक क्रियापदे म्हणतात. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून ही चर्चा आपल्या परिचयाची आहे. क्रियेचा भाव हाच तेथे कर्ता मानावयाचा. येथे एक साम्य नोंदविण्याजोगे आहे. 'उजाडले' हे रूपही तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनीच आहे. कर्ता हाताशी नसला की जर्मन आणि मराठी या दोन्ही भाषा 'ते'च्याच आश्रयाला जातात.

३

हा आश्रय क्षुल्लक नाही. तो नाकारला गेला म्हणजे काय होते, याचे उदाहरण जर्मन प्रदेशाच्याच इतिहासात आहे. १५६२ च्या उन्हाळ्यात नैर्ऋत्य जर्मनीत गारांचे भीषण वादळ झाले आणि उभी पिके झोडपली गेली. त्या काळी गार, अवकाळी थंडी आणि नापिकी ही चेटकिणींची कृत्ये आहेत, असा समज प्रबळ होता. अशा जादूला जर्मनमध्ये 'हवामानाची जादू' या अर्थाचा स्वतंत्र शब्दच आहे. वादळानंतर वीझनश्टाइग या छोट्या संस्थानात साठांहून अधिक स्त्रियांना देहान्त शासन देण्यात आले. पुढील शतकभर, हवा विशेष थंड असलेल्या कालखंडात, असे खटले जर्मन प्रदेशांत पुन्हापुन्हा उभे राहिले.

'एस हागेल्ट' (गारा पडताहेत) हे वाक्य त्या न्यायाधीशांच्या भाषेतही होतेच. व्याकरणाने त्यांना सांगितले होते की येथे कोणी नाही. त्यांनी ते ऐकले नाही. 'ते'च्या जागी कोणाला बसवावयाचे याचा शोध त्यांनी घेतला, आणि ती जागा गावातील दुबळ्या बाईने भरली. जागा रिकामी ठेवता न येणे हा भाषेपुरता नियम असला तरी मनाची ती फार जुनी खोड आहे. म्हणून 'कोणी नाही' असे म्हणता येणे ही एक नैतिक कमाई आहे. 'एस'च्या पोकळपणाने अनेक निरपराधांना वाचविले असते. कर्ताहीन वाक्यावर पळवाटीचा आरोप करण्यापूर्वी त्याच्याकडे असलेले हे पुण्य मान्य करावयास हवे.

४

'एस'चा पोकळपणा तत्त्ववेत्त्यांच्याही लक्षात आला. अठराव्या शतकात ग्यॉटिंगेन येथे विद्युत्प्रयोग करणाऱ्या लिश्टेनबेर्ग या भौतिकीच्या प्राध्यापकाने आपल्या टिपणवहीत सुचविले की, वीज चमकण्याविषयी आपण ज्या रीतीने बोलतो त्याच रीतीने विचाराविषयीही बोलावे. 'मी विचार करतो' असे न म्हणता 'विचार होतो आहे' असे म्हणावे; देकार्तचा 'मी' ही केवळ व्यवहाराची गरज आहे. १८८६ साली नीत्शेने त्यावर कडी केली. त्याच्या मते या 'एस'मध्येदेखील फाजील काही शिल्लक आहे. क्रिया आहे म्हणजे करणारा असलाच पाहिजे, या व्याकरणाच्या सवयीतून तो आला. पुढच्याच वर्षी नीतीच्या उगमावरील ग्रंथात त्याने तोच दृष्टांत नीतीला लावला. लोक वीज आणि तिचे चमकणे यांची फारकत करतात, चमकणे ही वीज नावाच्या कर्त्याची कृती समजतात, आणि त्याच धर्तीवर बळ आणि बळाचा आविष्कार यांची फारकत करून बलवंताला दोष देतात. कृतीच्या पाठीमागे वेगळा कर्ता नसतोच, असे त्याचे म्हणणे.

या वादाची तांत्रिक बाजू व्हिएन्नात रंगली. स्लाव्ह भाषांचा अभ्यासक मिक्लोशिच याने १८८३ साली कर्ताहीन वाक्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि फ्रान्झ ब्रेंटानोने ते उचलून धरले. प्रत्येक विधान म्हणजे उद्देश्य आणि विधेय यांचा संयोग, ही अॅरिस्टॉटलपासूनची समजूत 'पाऊस पडतो आहे' या वाक्याने मोडते, कारण येथे कशाविषयी काही सांगितलेले नाही. एका घटनेचे अस्तित्व तेवढे स्वीकारले आहे.

आपल्या परंपरेला हा वाद अपरिचित नाही. वाक्यापासून होणाऱ्या बोधात मुख्य काय, या प्रश्नावर वैयाकरण धात्वर्थाला, म्हणजे व्यापाराला, प्राधान्य देतात, तर नैयायिक प्रथमान्त पदाच्या अर्थाला. 'वीज चमकते' या वाक्यातून वैयाकरणाला 'वीज हा जिचा आश्रय आहे अशी चमकण्याची क्रिया' कळते. नैयायिकाला 'चमकण्याच्या क्रियेने युक्त अशी वीज' कळते. लिश्टेनबेर्ग आणि नीत्शे हे या अर्थाने वैयाकरणांच्या पक्षाचे. परंतु एक भेद महत्त्वाचा आहे. वैयाकरणाने क्रियेला मुख्य मानले तरी कर्त्याला हद्दपार केले नाही. कारकांच्या व्यवस्थेत त्याची जागा राखून ठेवली. नीत्शेने ती जागाच काढून घेतली. कर्ता गौण असणे आणि कर्ता नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढे जे घडले त्यात हा भेद पुसला गेला, असे मला वाटते.

५

जर्मनच्या अभ्यासक्रमात हवामानाच्या पाठानंतर बऱ्याच काळाने कर्मणी रचना येते, आणि तेथे 'एस' पुन्हा भेटतो : 'एस वुर्डं गेशोस्सन'. अर्थ : 'गोळीबार झाला'. वरवर पाहता 'पाऊस पडला' या वाक्याशी त्याचे निकटचे नाते दिसते. तेच नपुंसकलिंगी सर्वनाम आणि तीच निर्वैयक्तिक शांतता. आता आपली कवायत येथे करून पाहू. 'गेस्टर्न' (काल) हा शब्द आरंभी आणला, तर 'गेस्टर्न वुर्डं गेशोस्सन' असे वाक्य होते. 'एस' गळला! तो येथे पाहुणाच होता. शिवाय या वाक्यात 'फोन' (-कडून) हे शब्दयोगी अव्यय लावून गोळी झाडणाऱ्याला आणता येते. पावसाच्या वाक्यात 'कोणाकडून?' असे विचारणे जर्मन भाषकाला निरर्थक वाटेल. गोळीबाराच्या वाक्यात तो प्रश्न व्याकरणाला मान्य आहे.

मराठीत हीच कसोटी लागू पडते. 'पाऊस झाला' आणि 'लाठीमार झाला' यांत क्रियापद एकच आहे. 'पोलिसांकडून लाठीमार झाला' हे वाक्य होते. 'अमक्याकडून पाऊस झाला' हे होत नाही. शासकीय मराठीची लाडकी '-ण्यात आले' ही रचना, जसे 'निर्णय घेण्यात आला' किंवा 'झोपड्या हटविण्यात आल्या', 'कडून'ची जागा सदैव राखून असते आणि ती सहसा भरीत नाही. म्हणजे कर्ताहीनता दोन प्रकारची असते. एकीत विचारण्याजोगे कोणी नाही. दुसरीत आहे, पण त्याचा उल्लेख टळला आहे. व्याकरण स्वतः या दोहोंची गल्लत करीत नाही. गल्लत करतो तो ऐकणारा, कारण दोन्ही वाक्यांचा सूर सारखाच असतो. मानवी कृत्याला हवामानाचा सूर लावणे हीच आधुनिक प्रशासनाची भाषिक कला होय. १९६१ साली जेरुसलेम येथे चाललेल्या खटल्यात आइखमनने कार्यालयीन भाषा हीच आपली एकमेव भाषा असल्याचे सांगितले होते. हाना आरेन्टने तो उद्गार हसण्यावारी नेला नाही. ज्या भाषेत हुकूम निघतात, गाड्या सुटतात, संख्या पूर्ण होतात, तिच्यात प्रथमपुरुषाची गरजच पडत नाही.

अर्थात कर्त्याचा अनुल्लेख म्हणजे नेहमी लबाडी, असा नियम करता येणार नाही. कर्ता ठाऊक नसतो. कधी कर्त्याचे नाव घेण्याचे भय सोसणाऱ्यालाच असते. कधी क्रियाच महत्त्वाची असते. म्हणून अमुक रचना अनैतिक असे ठरविणे व्यर्थ आहे. प्रश्न रचनेचा नसून तिच्यात राखलेल्या जागेविषयी आपण विचारतो की नाही याचा आहे.

६

साहित्यसमीक्षेला या प्रश्नापासून अलिप्त राहता येत नाही, कारण गेल्या अर्धशतकातील आपल्या सिद्धान्तांनी 'एस'चाच अवलंब केला आहे. हायडेगरने १९४६ च्या मानवतावादावरील पत्रात 'एस गिप्ट' (आहे, शब्दशः 'ते देते') या रोजच्या प्रयोगातील 'ते'ला थेट सत्तत्त्वाचे नाव दिले, आणि १९५० साली बोलते ती भाषाच, असे प्रतिपादिले. त्याच्या उत्तरकालीन लेखनात इतिहासही असा धाडला जातो की धाडणाऱ्याचा पत्ता विचारता येत नाही. हाच विचारवंत १९३३ साली फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि नाझी पक्षात गेला. तेथे 'एस' नव्हता. सही करणारा हात होता. तत्त्वज्ञान या चरित्रामुळे खोटे ठरते असे मी म्हणत नाही. परंतु ज्याला हिशेब द्यावयाचा आहे त्याला कर्ताहीन इतिहास सोयीचा पडतो, एवढी सावधगिरी वाचकाने बाळगावी.

पॉल द मान याचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९७९ सालच्या ग्रंथात त्याने रूसोच्या चोरलेल्या फितीच्या प्रसंगाचे विश्लेषण केले. निरपराध दासीवर आळ घेताना रूसोने उच्चारलेले तिचे नाव हे कोणत्याही हेतूविना, यंत्रवत निसटलेले असू शकते, असा त्याचा युक्तिवाद होता. द मानच्या मृत्यूनंतर, १९८७ साली, त्याने व्याप्त बेल्जियममधील वृत्तपत्रात तरुणपणी लिहिलेले लेख उजेडात आले. त्यांत मार्च १९४१ मधील एक ज्यूविरोधी लेख होता. आता रूसोवरचे ते प्रकरण कसे वाचावे? आत्मसमर्थन म्हणून वाचणे सोपे आहे, आणि त्यातही वीझनश्टाइगच्या न्यायाधीशाची घाई आहे. संहिता कर्त्याविना अर्थ निर्माण करते, हा सिद्धान्त अर्थाविषयी आहे आणि तो टिकू शकतो. मात्र त्यावरून संहितेला उत्तरदायी कोणी नाही असे अनुमान निघत नाही. अर्थाच्या बाबतीत लेखक गौण असेल. 'कडून'च्या जागी तो उभाच असतो.

७

हवामानाच्या पाठात आणखी एक वाक्य आहे, आणि त्यात नवशिके हमखास चुकतात. 'मला थंडी वाजते' हे सांगताना आमच्या वर्गातील एकाने 'इश बिन काल्ट' असे वाक्य केले. वर्ग शिक्षिकेकडे पाहू लागला; त्या हसल्या. 'मी थंड आहे' हा त्याचा अर्थ, म्हणजे माझा स्वभाव भावनाशून्य आहे. योग्य वाक्य 'मिअर इस्ट काल्ट' : 'मला थंड आहे'. मूळच्या 'एस इस्ट मिअर काल्ट' मधील 'एस' येथे गळून गेला. उरली ती चतुर्थी. मराठीला हे शिकवावे लागत नाही. थंडी वाजते ती मला, उकडते ते मला, मळमळते ते मला. कर्ता नसला तरी ज्याला घडते तो वाक्यात आहे. तो आरंभीच्या स्थानी बसतो. पावसाला कर्ता नाही म्हणून भिजणारा नाही असे होत नाही.

१४ आणि १५ जुलै २०२१ रोजी पश्चिम जर्मनीत अतिवृष्टी झाली. आर नदीच्या खोऱ्यातील गावे रात्रीतून उद्ध्वस्त झाली. जर्मनीत १८० हून अधिक माणसे दगावली. 'एस हाट गेरेग्नेट' (पाऊस पडला) हे त्या रात्रीचे सत्य वाक्य आहे. परंतु पुढील महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, तापमानवाढीमुळे त्या परिसरात अशा वृष्टीची शक्यता १.२ ते ९ पटींनी वाढली आहे. आणि ही तापमानवाढ निःसंशय मानवी आहे. शिवाय इशारे वेळेवर का पोचले नाहीत, हा प्रश्न होताच. कोब्लेन्झच्या सरकारी वकिलांनी त्याची चौकशी केली आणि एप्रिल २०२४ मध्ये पुरेसा संशय नसल्याचे सांगून ती बंद केली.

हवामान हा कर्ताहीनतेचा आदर्श नमुना होता. त्या नमुन्यातच आता 'कोणाकडून?' हा प्रश्न काहीसा अर्थपूर्ण झाला आहे, आणि त्याबरोबर दोन्ही जुने दोष आपली वाट पाहत आहेत. पाऊसच तो, त्याला कोण काय करणार, हा एक. आणि रिकाम्या जागेत घाईघाईने एखादा अधिकारी किंवा एखादा देश बसवून मोकळे होणे, हा दुसरा. १.२ आणि ९ यांमधील अंतर पाहिले म्हणजे या जागेचे उत्तर एका नावात मावणारे नाही हे कळते. कार्ल यास्पर्सने १९४६ साली जर्मन अपराधाची चर्चा करताना फौजदारी, राजकीय, नैतिक आणि आधिभौतिक असे चार प्रकार वेगळे केले होते. न्यायालयाला त्यांपैकी पहिलाच दिसतो. कोब्लेन्झचे प्रकरण बंद झाले ते तेवढ्यापुरते. उरलेल्या तिहींचा निवाडा करणारे कार्यालय कोठे नाही. तेथे प्रश्न आपल्या सर्वांच्या वाक्यांना विचारावा लागतो.

उत्तर जेथे निश्चित नाही तेथून आरंभ करण्याचा एक मार्ग भाषेनेच दाखविला आहे. कर्त्याची जागा वादग्रस्त असली तरी चतुर्थीची जागा वादग्रस्त नसते. कोणाला घडले, हे आधी म्हणावे. तेवढे म्हटले म्हणजे 'कोणाकडून?' हा प्रश्न आपोआप सुटणार नाही. पण तो विसरता येणार नाही.

वर्ष संपताना तोंडी परीक्षेत मला खिडकीबाहेर पाहून वर्णन करावयास सांगितले गेले. जूनचा शेवट होता. मी 'एस रेग्नेट' म्हणालो. रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या छपराखाली चार माणसे अंग चोरून उभी होती. त्यांच्याविषयी बोलण्याइतके जर्मन मला तेव्हा येत नव्हते.